मेळ्यातली सवलत आणि सत्तर लाखांची गाडी

ग्वाल्हेरात मोठी गाडी घ्यायची म्हटलं की घरातलं कुणीतरी हटकून म्हणतं, 'मेळा येऊ दे.' त्यात वावगं काही नाही. १९०५ साली माधवराव शिंद्यांनी सुरू केलेला हा मेळा मुळात गुराढोरांच्या खरेदी-विक्रीचा. आज त्याचा सगळ्यात गजबजलेला भाग म्हणजे ऑटोमोबाइल सेक्टर, आणि त्याचं कारण एकच: राज्य शासनाने त्या वर्षीचा आदेश काढला, की मेळ्यात विकल्या गेलेल्या गाड्यांच्या मोटार वाहन करात ५० टक्के सूट मिळते. ग्वाल्हेरबाहेरच्या विक्रेत्यांना इथल्या आरटीओकडून व्यवसाय प्रमाणपत्र घेऊन मेळ्याच्या मैदानात प्रत्यक्ष हजर राहावं लागतं. म्हणून इंदूर-भोपाळकडचे महागड्या गाड्यांचे विक्रेतेही दोन महिने रेसकोर्स रोडवर मंडप टाकून बसतात. मर्सिडीज जीएलसी, बीएमडब्ल्यू एक्स३, ऑडी क्यू५, व्होल्वो एक्ससी६० या मधल्या आकाराच्या लक्झरी एसयूव्ही एरवी ज्यांच्यासाठी परगावी जावं लागेल, त्या एका संध्याकाळी पायी फिरून बघता येतात. मात्र गाडीचा निर्णय मेळ्यात घेऊ नये. तो आधीच झालेला असावा आणि मेळ्यात फक्त व्यवहार व्हावा. असं का म्हणतो, ते आकड्यांवरूनच पाहू.

आधी सूट नेमकी किती ते बघू. या वर्गातल्या गाड्यांची एक्स-शोरूम किंमत सध्या साधारण सत्तर लाखांच्या आसपास आहे. हिशेबापुरता कर १४ टक्के धरला, तर सत्तर लाखांवर ९ लाख ८० हजार होतात आणि निम्मे म्हणजे ४ लाख ९० हजार वाचतात. रक्कम डोळे दिपवणारी आहेच. पण ही सूट मंडपातल्या प्रत्येक गाडीला मिळते. जी गोष्ट चारही पर्यायांना सारखीच लागू आहे, ती त्यांतला एक निवडण्याचं कारण कशी होणार? मंडपात मात्र नेमकं तेच घडतं. 'आज बुक केली तर पाच लाख वाचतात' हे वाक्य समोर उभ्या असलेल्या गाडीची बाजू घेतल्यासारखं ऐकू येतं, आणि ऐकणारा त्या गाडीकडे झुकतो. दुसरा घोळ वरच्या व्हेरियंटचा. पाच लाख वाचले म्हणून दहा लाखांनी महाग व्हेरियंट घेतलं, तर त्या दहा लाखांवर सवलतीतलाही ७० हजार कर बसतो. म्हणजे 'वाचवण्या'च्या नादात खिशातून दहा लाख सत्तर हजार जादा जातात. हे गणित घरी कागदावर मांडलं की लख्ख दिसतं. मंडपातल्या रोषणाईत दिसत नाही.

सवलतीच्या अटीही नीट वाचाव्यात. गाडीची कायमची नोंदणी ग्वाल्हेर आरटीओतच व्हावी लागते. इथेच राहणाऱ्याला त्याची अडचण नाही. पण आपल्यातल्या पुष्कळ घरांत मुलगा किंवा मुलगी पुण्याला, नाहीतर मुंबईला असते, आणि 'गाडी इथून घेऊ, मग तिकडे वापरतील' असा बेत शिजतो. दुसऱ्या राज्यात गाडी बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवली तर तिथली नोंदणी घ्यावी लागते आणि तिथला कर भरावा लागतो. महाराष्ट्राचे दर काही हलके नाहीत. शिवाय मध्य प्रदेशात भरलेल्या कराचा परतावा मागायचा म्हणजे कचेरीचे खेटे आले. पुण्याला राहणारी गाडी पुण्यालाच घ्यावी, हेच सरळ.

दालबाजार, लोहिया बाजारातले व्यापारी गाडी फर्मच्या नावावर घेतात, त्यांच्यासाठी एक बारकावा आहे. आयकरात मोटारीवर १५ टक्के घसारा मिळतो. पण त्या आर्थिक वर्षात गाडी १८० दिवसांपेक्षा कमी वापरली असेल तर त्या वर्षी निम्माच. जानेवारी-फेब्रुवारीत घेतलेली गाडी मार्चअखेर १८० दिवस भरवूच शकत नाही. म्हणजे मेळ्यातल्या खरेदीला पहिल्या वर्षी साडेसात टक्केच घसारा मिळणार. उरलेला पुढे मिळत राहतो, बुडत नाही; पण सवलतीचा हिशेब करताना हेही धरायला हवं. प्रवासी गाडीवरच्या जीएसटीचं क्रेडिट बहुतेक व्यवसायांना मिळत नाही, हे सीएने सांगितलं असेलच. आणखी एक प्रश्न जरूर विचारा: गाडी कोणत्या महिन्यात तयार झाली? मेळा डिसेंबरअखेर सुरू होतो, आणि सरत्या वर्षाचा साठा संपवायला यापेक्षा चांगली जागा विक्रेत्याला दुसरी कुठली मिळणार? आरसीवर उत्पादनाचा महिना आणि वर्ष दोन्ही छापले जातात, आणि चार वर्षांनी गाडी विकताना समोरचा गिऱ्हाईक आधी तेच बघतो. जुन्या सालाची गाडी घेऊ नये असं नाही, पण तिची वेगळी सूट मागून घ्यावी, आणि ती कराच्या सवलतीत मिसळू देऊ नये.

आता गाडीकडे वळू. या चार गाड्या कागदावर एकमेकींच्या फार जवळ आहेत. लांबी सगळ्यांची पावणेपाच मीटरच्या आसपास. पेट्रोल इंजिन बहुतेकींत दोन लिटरचं, टर्बो असलेलं. आसनं पाच. स्क्रीन, स्पीकर, छतावरची काच यांत उन्नीस-बीस. जीएलसी चाकणला जुळते, क्यू५ संभाजीनगरजवळच्या शेंद्र्याला, एक्स३ चेन्नईला आणि एक्ससी६० बंगळुरूजवळ होसकोटेला. युरो एनकॅपच्या चाचण्यांत या नावांनी पाच तारे मिळवलेले आहेत. फक्त चाचणी युरोपात विकल्या जाणाऱ्या गाडीची असते, तेव्हा तिथली कोणती उपकरणं इथल्या व्हेरियंटमध्ये आहेत ते लेखी मागावं. मग फरक कुठे पडतो? माझ्या मते तीन ठिकाणी: चाक, मागचं आसन आणि वर्कशॉपचं अंतर. विक्रेत्याच्या माहितीपत्रकात याच तीन गोष्टींना सगळ्यात कमी जागा मिळालेली असते.

चाकापासून सुरुवात करू, कारण ग्वाल्हेरात निम्मा प्रश्न तिथेच सुटतो किंवा चिघळतो. टायरच्या कडेला एक आकडा कोरलेला असतो. जीएलसीवर २३५/५५ आर१९ असं दिसतं. पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये सांगतो, दुसरा त्या रुंदीच्या किती टक्के टायरची उंची आहे ते सांगतो, आणि तिसरा रिमचा व्यास इंचात. २३५ चे ५५ टक्के म्हणजे १२९ मिलिमीटर: खड्डा आणि रिम यांच्यामध्ये रबर आणि हवेची एवढीच गादी आहे. फॉर्च्युनरचं २६५/६० आर१८ घ्या, तिथे ही गादी १५९ मिलिमीटरची. उलट वरच्या व्हेरियंटमध्ये दिमाखासाठी २५५/४५ आर२० सारखं माप दिलं, की गादी ११५ मिलिमीटरवर येते. फॉर्च्युनर आणि विसाच्या रिमची एसयूव्ही यांत दोन बोटं रबर कमी झालं. २०२५ च्या पावसाळ्यात चेतकपुरीचा नवाकोरा रस्ता पुन्हापुन्हा खचला आणि त्याची छायाचित्रं देशभर फिरली, त्या शहरात ही दोन बोटं फार महाग पडतात. धारदार कडेच्या खड्ड्यात असा टायर बसला की नुसतं पंक्चर होत नाही. कडेला फुगा येतो, टायर टाकून द्यावा लागतो आणि कधी रिमही वाकते. म्हणून निवडीची संधी असेल तिथे लहान रिमचं व्हेरियंट घ्यावं. ते दिसायला थोडं साधं असतं, पण चालायला मऊ आणि टिकायला बळकट.

त्याला जोडूनच डिकी उघडून खालचा गालिचा उचला. तिथे स्टेपनी आहे का, की नुसता पंप आणि गळती बुजवायची बाटली? काही गाड्यांना रन-फ्लॅट टायर असतात. पंक्चर झाल्यावरही ते साधारण ऐंशीच्या वेगाने ऐंशी किलोमीटर जातात. आग्रा इथून सुमारे १२० किलोमीटर, झाशी शंभर. तेव्हा घरी किंवा पुढच्या शहरी पोचाल, ही जमेची बाजू. पण त्याच मापाचा रन-फ्लॅट टायर शिवपुरीत किंवा भिंडला तयार मिळेल या भरवशावर राहू नये. चार टायरांची आजची किंमत विचारून घ्या आणि विम्यात टायर-रिमचं संरक्षण जोडलंय का तेही पाहा. व्होल्वोसारख्या गाडीत एअर सस्पेंशन येतं. खड्ड्यांत ते सुखाचं वाटतं. मात्र वॉरंटी संपल्यावर त्याचा एक भाग बदलायला किती लागतील, हा प्रश्न घेण्याआधी विचारायचा असतो.

मागच्या आसनाबद्दल. ग्वाल्हेरात अशा गाडीचा मालक बऱ्याचदा ड्रायव्हर ठेवतो आणि स्वतः मागे बसतो, किंवा आई-वडिलांना मागे बसवतो. या गाड्या मात्र मुख्यतः स्वतः चालवणाऱ्यासाठी आखलेल्या आहेत. मागे दोघे आरामात बसतात. मधल्या तिसऱ्याच्या पायांमध्ये गाडीच्या तळाचा मोठा उंचवटा येतो आणि त्याची दिल्लीपर्यंतची वाट अवघड होते. मांडीखाली आधार पुरेसा मिळतो का, गुडघे वर येतात का, सत्तरीतल्या माणसाला चढताना दाराची चौकट धरावी लागते का, हे बघायला पाच मिनिटं पुरत नाहीत. निदान अर्धा तास मागे बसून गाडी चालवायला लावा. ज्या घरात नेहमी पाच-सहा जणच फिरतात, त्यांनी खरं तर या वर्गाचा नाद सोडावा. तीस लाखांच्या आसपासची इनोव्हा हायक्रॉस त्या कामाला अधिक चांगली आहे, आणि हे कबूल करण्यात कमीपणा काही नाही.

चाचणी कधी आणि कुठे घ्यायची, यालाही महत्त्व आहे. मेळा भरतो थंडीत. जानेवारीच्या धुक्यात कुठल्याही गाडीचा एसी उत्तमच वाटणार. ग्वाल्हेरची खरी परीक्षा मे-जूनमध्ये, पारा पंचेचाळीसच्या वर गेला आणि लू वाहू लागली की. छतभर काच असलेली गाडी दुपारी दोन तास उन्हात उभी करून मग बसलात, तर मागच्या जाळ्यांतून किती वेळात गार हवा येते, काचेखालचा पडदा दाट आहे की नुसता झिरझिरीत, पांढऱ्या कातड्यावर धूळ कशी बसते, सगळं कळतं. म्हणून गाडी उन्हाळ्यात पाहून ठेवावी. दुसरी चाचणी गल्लीची. या गाड्यांची रुंदी १.९ मीटरच्या आसपास असते आणि आरसे धरले की दोन मीटर ओलांडते. सराफ्यातून, दौलतगंजातून, चिटणीसांच्या गोठीतून संध्याकाळी सहा वाजता गाडी काढून पाहावी. वाडा जुना असेल तर त्याच्या दरवाजाची रुंदी टेपने मोजावी. पूर्वी याच मेळ्यात बैल घेणारा माणूस दात मोजून, नांगराला जुंपून, चालवून मगच पैसे मोजत असे. सत्तर लाखांच्या गाडीला लोक महाराज बाड्यापर्यंतही चालवून पाहत नाहीत, याचं नवल वाटतं.

पेट्रोल की डिझेल, हा वाद या शहरापुरता लवकर मिटतो. वर्षाला दहा हजार किलोमीटर चालवलं, पेट्रोल गाडीने लिटरला नऊ आणि डिझेलने तेरा दिले, आणि पेट्रोल १०६ व डिझेल ९२ रुपये धरलं, तर वर्षाचा फरक पन्नास हजारांच्या आतच येतो. डिझेल गाडीची जादा किंमत आणि जादा कर भरून निघायलाच काही वर्षं जातात. घर ते दुकान, दुकान ते घर असा तीन-चार किलोमीटरचाच वापर असेल, तर बीएस६ डिझेलची काजळी-जाळी चोंदते. ती मोकळी व्हायला लांब पल्ल्याची, सलग वेगाची सफर लागते. त्यातून दिल्लीतला दहा वर्षांच्या डिझेलचा नियम आणि त्यावरची कोर्टबाजी. जुन्या गाडीचं आपलं मोठं गिऱ्हाईक त्याच बाजूला बसलेलं आहे. महिन्यातून तीन-चारदा दिल्ली, इंदूर असं होत असेल तर डिझेल घ्या, बाकीच्यांनी पेट्रोल.

आता सगळ्यात जड मुद्दा: वर्कशॉप. भोपाळ इथून चारशे किलोमीटरच्या वर, इंदूर पाचशेच्या आसपास, दिल्ली सव्वातीनशे. मंडपात बसलेला विक्रेता मेळा संपल्यावर परत जातो, त्याची वर्कशॉपही तिकडेच. वर्षातून एकदाची सर्व्हिस सहज जमते, त्याची काळजी नाही. काळजी आहे ती अवचित पेटणाऱ्या दिव्याची. एखादा सेन्सर बिघडला, ४८ व्होल्टची बॅटरी रुसली, तर गल्लीतला हुशार मिस्त्रीही हात लावू शकत नाही. कंपनीचं निदान-यंत्र लागतं. गाडी फ्लॅटबेडवर चढवून न्यावी लागते आणि आठवडाभर घरात गाडी नसते. तेव्हा प्रत्येक विक्रेत्याला हे प्रश्न सारखेच विचारा आणि उत्तरं मेलवर मागा: ग्वाल्हेरात किंवा आग्र्यात तुमची अधिकृत वर्कशॉप आहे का? नसेल तर गाडी न्यायला-आणायला माणूस पाठवता का, त्याचे पैसे किती? फ्लॅटबेडचा खर्च कुठल्या अंतरापर्यंत कंपनीचा? दुरुस्ती लांबली तर पर्यायी गाडी देता का? चौथ्या-पाचव्या वर्षाची वाढीव वॉरंटी आणि सर्व्हिस पॅकेज आजच घेतलं तर काय भाव? मी तर म्हणेन, दोन गाड्या तोडीस तोड वाटल्या तर जिची वर्कशॉप जवळ ती घ्यावी. आणि मेळ्यात वाचलेल्या पाच लाखांतले पैसे आधी वाढीव वॉरंटीवर खर्च करावेत, अलॉय व्हील आणि मोठ्या स्पीकरवर नंतर.

यावर चंबळच्या या टापूत एक आक्षेप हमखास येतो: मग फॉर्च्युनरच का घेऊ नये? आक्षेप वजनदार आहे. फॉर्च्युनरला जाड टायर आहेत, शिडीसारखी भक्कम चौकट आहे, सात माणसं बसतात, किंमत बरीच कमी आणि मोड चांगली. ज्याची शेती भिंड-मुरैन्याच्या कच्च्या वाटेवर आहे, त्याने तीच घ्यावी. पण तिच्या चौकटीमुळेच ती शंभरच्या वेगाने वळणावर झुकते, मागे बसणाऱ्याला हिसके देते आणि बंद काचेतही इंजिन ऐकू येतं. राष्ट्रीय महामार्ग ४४ वरून दिल्लीला जाऊन त्याच दिवशी परत येणाऱ्या साठीतल्या माणसाला संध्याकाळी पाठ काय म्हणते, यावर हा फरक मोजावा. लक्झरी एसयूव्हीचे जादा पैसे त्या पाठीचेच असतात. वापर ज्याचा शहरापुरता आणि रुबाबापुरता आहे, त्याने ते का भरावेत, हे त्यालाच ठरवू द्या.

दुसरा आक्षेप असा, की सत्तर लाख खर्चणारा माणूस टायर नि घसारा कशाला मोजेल? पण ज्याने हे पैसे मिळवले तो दुकानात रुपया-रुपया मोजतोच. शिवाय अशा गाडीची किंमत तीन-चार वर्षांत निम्म्याच्या आसपास येणं नवलाचं नाही. म्हणजे खरा खर्च पेट्रोलचा नाही, किंमत घसरण्याचा आहे. याच कारणाने तीन वर्षं वापरलेली, एकाच मालकाची, कंपनीच्या प्रमाणित विभागातून वॉरंटीसह मिळणारी गाडी हा विचार करण्याजोगा पर्याय ठरतो. पहिल्या मालकाने सोसलेली घसरण मेळ्याच्या सवलतीहून कितीतरी मोठी असते. विजेच्या गाड्यांवर जीएसटी पाचच टक्के आहे, तर मोठ्या पेट्रोल-डिझेल एसयूव्हींवर २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के. त्यामुळे बीएमडब्ल्यू आयएक्स१ सारखी गाडी पन्नास लाखांच्या आसपास येते. घरात स्वतःचं पार्किंग आणि चार्जर असेल तर तीही चालवून पाहावी. सप्टेंबर २०२५ पूर्वीच्या किमती मात्र कुणी दाखवल्या तर त्या बाजूला ठेवाव्यात. त्या वेळी जीएसटी आणि सेस मिळून पन्नास टक्क्यांपर्यंत जात होते.

तेव्हा क्रम असा ठेवा: मे-जूनमध्ये गाडी उन्हात चालवून पाहा, पावसाळ्यात रस्त्यांवर पाहा, दिवाळीपर्यंत गाडी आणि व्हेरियंट पक्कं करा, आणि मेळ्यात त्याच गाडीची किंमत दोन विक्रेत्यांकडून लेखी घ्या. किमतीत विमा वेगळा दाखवायला सांगा. तो विक्रेत्याकडूनच घेतला पाहिजे असं नाही. दहा लाखांवरच्या गाडीवर एक टक्का टीसीएस घेतला जातो, तो आयकर विवरणात वळता करून घ्यायला विसरू नका. सर्वांत महत्त्वाचं, करातली ही सूट दरवर्षी आपोआप मिळत नाही. तिचा आदेश शासन त्या-त्या वर्षी काढतं, आणि अलीकडे तो मेळा सुरू झाल्यावर काही दिवसांनी आलेला आहे. आदेश निघण्याआधी बुकिंगपुरतीच रक्कम द्या, आणि पावतीवर विक्रेत्याकडून लिहून घ्या: सवलत लागू झाली नाही, किंवा ठरलेल्या महिन्यात बनलेली गाडी मिळाली नाही, तर पूर्ण रक्कम परत. असं लिहून द्यायला जो कां-कू करेल, त्याच्याकडून गाडी घेऊ नका.